लाकडी मुठीचा पेचकस

"पाणी कुठवर होतं?" बाबांनी विचारलं आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"पट्ट्याच्या खाली."

"नक्की?"

"नक्की, बाबा. चांगलं चार बोटं खाली."

मी चक्क खोटं बोलत होते. बाबा, म्हणजे माझे सासरे, माझ्या विजेच्या स्कूटरच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. माझ्याच पिशवीतला गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळून चार्जिंगच्या खाचेतला ओलावा टिपत होते. त्यांनी माझ्या ओठांकडे इतकं निरखून बघितलं की मला वाटलं, आता चोरी पकडली जाणार. पण ते गॉजची घडी उलटी करून पुन्हा कामाला लागले.

पट्टा होता माझ्या डाव्या गमबुटावर. पाऊस तोंडावर आला तसा बाबांनी तो बूट मागून घेतला, गाडीच्या मागच्या चाकाशेजारी ठेवला आणि चाकाच्या आखाच्या दोन बोटं खाली येईल असा पांढऱ्या रंगाचा पट्टा त्यावर ओढून दिला. रस्त्यावर पाणी दिसलं की गाडी थांबवायची, डावा पाय पाण्यात टाकायचा, पट्टा बुडाला तर मुकाट्यानं मागं फिरायचं. मी घरोघरी जाऊन जखमा बांधणारी, इंजेक्शनं देणारी नर्स. दिवसाला आठ-नऊ घरं होतात. प्रत्येक घरात कोणी ना कोणी विचारायचं, "एकाच बुटाला का हो रंग?" आता कुणाकुणाला सांगणार! मी म्हणायचे, दुसऱ्याला रंग पुरला नाही.

त्या दिवशी पट्टा बुडाला होता. चार बोटं खाली कुठलं, वीतभर वर पाणी होतं. पण पलीकडे माझ्या एक रोगी, शिवणबाई, पाय पुढे करून बसल्या असणार हे मला माहीत होतं. जन्मभर शिवणयंत्र चालवलेला तो पाय. त्याच्या टाचेची जखम दोन महिन्यांनी कुठं भरायला लागली होती. एक दिवस पट्टी चुकली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी घातली गाडी पाण्यात.

बाबांना सगळे मिस्त्री म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं गॅरेज, चाळीस वर्षांचं. त्यांच्या कानांची ख्याती मी लग्नाआधीपासून ऐकून होते. गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशी वळलं की हे आतून ओरडत, "टॅपेट ढिले झालेत, आणि आधी इंजिन बंद कर!" त्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, होता, हातभर लांब. त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाच्या भोकाशी धरायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्यावर आतला कुठला दाता झिजलाय ते सांगायचे. मी स्टेथोस्कोप लावते तसंच, पण माझा रोगी निदान कुठं दुखतंय ते तरी सांगतो. ह्यांचा रोगी तोंडच उघडत नाही, आणि तरी ह्यांचं चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. मी इतकी डॉक्टरमंडळी बघितली, पण त्या डोळे मिटलेल्या चेहऱ्यापुढे आपोआप गप्प व्हावं असं मला दुसऱ्या कुणाबाबत वाटलं नाही.

अलीकडे त्या पेचकसाच्या मुठीवर बारीक बारीक खड्डे पडले होते. "उंदरांनी कुरतडलाय वाटतं," मी एकदा म्हटलं. बाबा हसले आणि पेचकस आतल्या दाराच्या मागे खिळ्याला अडकवला.

विजेची गाडी घ्यायला त्यांचा विरोध होता. "खेळणं आहे ते," म्हणाले. मग गाडी आली. मी त्यांना मागं बसवून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. उतरल्यावर ते बराच वेळ सीटवर हात ठेवून उभे राहिले. डोळे पाण्यानं भरलेले.

"आवाजच नाही गं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी इंजिनांचा आवाज कमी करण्यात घालवली. ह्यांनी मुळातच काढून टाकला. काय माणसं असतील!"

त्या दिवसापासून गाडी माझी नावाला राहिली. भिंग लावून त्यांनी तिचं पुस्तक दोनदा वाचलं. पाण्याचा फवारा मारून धुवायचं नाही, ओली असताना चार्जिंगला लावायचं नाही, हे सगळं मला पाठ करायला लावलं. माझी एक मोठी सिरिंज मागून घेतली, सुई काढून तिच्यात पांढरं ग्रीस भरलं आणि एकेक जोड उघडून त्यात थेंब थेंब सोडलं. मी शिरेत औषध सोडताना धरते तितक्याच हलक्या हातानं. मी एकदा पावसात भिजून आलेल्या गाडीवर प्लॅस्टिक ओढून ते खालून गच्च बांधलं, तेव्हा मात्र त्यांनी मला झाडलं.

"कोंडतेस काय तिला! आतल्या आत घाम फुटेल आणि तारा सडतील. झाकायचं, पण वारा खेळता ठेवायचा. तू जखम अशी बांधतेस का?"

मी कान पकडले. दुसऱ्या दिवशी बाबांनी चार बांबू आणि एक ताडपत्री घेऊन गाडीसाठी छप्पर उभं केलं, चारी बाजूंनी हातभर मोकळं. आमच्या स्वयंपाकघराचं छत तेव्हा दोन ठिकाणी गळत होतं, पण ते असो.

खोटं बोलल्यानंतर आठवड्याभरात गाडी खरखरायला लागली. हळू चालवताना मागून खर्र खर्र, एखादं जुनं जातं फिरावं तशी. बाबांना सांगितलं, पण पाण्याचं काही सांगितलं नाही. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, चाक फिरवलं, पेचकस कानाला लावला.

"काही नाही. ठणठणीत आहे."

"अहो, पण मला येतो आवाज."

"तुझ्या कानात पाऊस गेलाय."

असं तीनदा झालं. आता मिस्त्रींचा कान म्हणजे मिस्त्रींचा कान. मला माझ्याच कानांची शंका यायला लागली. मग एका सकाळी शिवणबाईंच्या टाचेची पट्टी सोडवत होते, तर त्या म्हणाल्या, "तू आलीस की मला कोपऱ्यावरूनच कळतं हल्ली. दळण दळत आल्यासारखी येतेस. मग मी पाय पुढे करून बसते."

माझा हात पट्टीवर थांबला. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला बंद खिडकीतून जे ऐकू येतं, ते बाबांना कानाला पेचकस लावून येत नाही?

नर्स म्हणवते मी स्वतःला. घरी परत येताना एकेक गोष्ट आठवत गेली आणि मला माझीच लाज वाटली. रेडिओ केवढ्यानं लावतात. जेवताना कायम माझ्या समोर बसतात, शेजारी कधी नाही. प्रश्न विचारला की तोंडाकडे बघतात, आणि मी समजत होते, माझं खोटं शोधताहेत. परवा तर गाडीचा इंडिकेटर अर्धा तास टिकटिक करत होता आणि हे बाजूलाच बसून चहा पीत होते.

आणि सगळ्यात शेवटी आठवलं ते पहिल्या दिवसाचं. आवाजच नाही गं. आवाज होता की! ह्या गाड्यांना एक बारीक गुणगुण असते, मागं बसलेल्याला सहज ऐकू येते. मी ती पहिल्या दिवशीच ऐकली होती. त्यांना वाटलं, गाडी मुकी आहे.

तरी खात्री करायला मी एक गोष्ट केली. ती केली नसती तर बरं झालं असतं. बाबा पाठमोरे ग्रीसचा डबा पुसत होते. मी चार पावलांवर उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, मी त्या दिवशी पट्टा बुडवला होता." ते डबा पुसतच राहिले.

रात्रीच्या जेवणानंतर भांडी आवरताना नवराच म्हणाला, "बाबांना ऐकू येत नाही. काल मी मागून तीनदा हॉर्न दिला, तरी रस्त्याच्या मधून चालतच होते. थोडक्यात वाचले. रविवारी बोलतो मी. दुकान बंद करायचं आता."

"आणि मग दिवसभर काय करतील?"

"जिवंत राहतील," तो म्हणाला. आणि पुसलेलंच ताट तो पुन्हा पुसत राहिला, म्हणून मी भांडले नाही. पण दुकान गेलं तर ते नुसते श्वास घेत राहतील, हे मला दिसत होतं. रविवारला दोन दिवस होते.

रविवारी सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. नवरा अजून उठायचा होता. मी गॅरेजमध्ये गेले, बाबांच्या समोर स्टूल ओढून बसले आणि त्यांना माझे ओठ दिसतील असं बोलले.

"बाबा, गाडी आवाज करते. मला येतो, शिवणबाईंना येतो. तुम्हाला येत नाही."

हातातली चिंधी त्यांनी नीट घडी करून मांडीवर ठेवली.

"तुझा नवरा काय म्हणतो?"

"दुकान बंद करा म्हणणार आहे. आजच."

बाबा उठले. दारामागचा पेचकस काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "हे उंदराचं काम नाही," म्हणाले.

मी मूठ उजेडात धरली. वर एक ओळ, खाली एक ओळ. दातांचे ठसे होते ते.

"दोन वर्षं झाली. कानातून काही पोचेना. एकदा वैतागून दातात धरला, तर सगळं आलं. आवाज नाही म्हणता येणार. हाडातून येतं काहीतरी, इथं कानामागं. पण कळतं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "गिऱ्हाइकापुढे कानाला लावतो. ते गेलं की शटर अर्धं ओढून घेतो आणि दातात धरतो. आजवर एकाचंही काम चुकलेलं नाही."

दोन वर्षं. अर्ध्या शटरमागे, एकट्यानं. आणि एकही काम परत आलेलं नाही.

"मग हिचं कसं नाही कळलं?"

"स्टँडवर चाक मोकळं फिरतं. अंगावर वजन पडल्याशिवाय ती बोलत नाही. वजनाला माणूस लागतं, आणि माणूस आलं म्हणजे ते बघणार."

"मी आहे की माणूस."

"तू बघशील ना!"

"बाबा, मी रोज काय काय बघते ते तुम्हाला सांगू का? जेवण जाणार नाही तुम्हाला."

ते हसले, पण डोळे पुसत. मग उभे राहिले आणि एकदम मिस्त्री झाले. "तू पुढे बस. मी मागं, उलटा तोंड करून. माणूस चालतो त्या वेगानं न्यायची, एक तसूभर जास्त नाही. पाठीवर थाप मारली की थांब."

"गल्लीत? आत्ता? सगळे बघतील."

"बघू देत," बाबा म्हणाले.

अशी आमची वरात निघाली. मी पुढे, माझ्या पाठीला पाठ लावून अडुसष्ट वर्षांचे सासरे, उलटे बसलेले, कमरेत वाकलेले. एका हातानं मागचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातातल्या पेचकसाचं टोक चाकाच्या आखापाशी टेकवलेलं आणि मूठ दातात. समोरचा इस्त्रीवाला कपड्यावर इस्त्री ठेवून तसाच उभा राहिला. दोन खिडक्या उघडल्या. निघता निघता आमच्या दारात नवरा आला, तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस. बापाच्या तोंडात पेचकस आणि मुलाच्या तोंडात ब्रश, दोघं एकमेकांकडे बघत होते आणि बोलता कुणालाच येत नव्हतं.

कुणीतरी हसलं. मग ते हसू थांबलं. गाडी पुढे सरकल्यावर मला मागचं दिसत नव्हतं, पण समोरच्यांचे चेहरे दिसत होते. इस्त्रीवाल्यानं हळूच हात जोडल्यासारखं केलं आणि मग स्वतःलाच लाजून खाली घेतले. बाबांचे डोळे मिटलेले असणार हे मी ओळखलं. गाडीखाली खर्र खर्र चाललं होतं आणि त्यांच्या पाठीचा एकेक मणका माझ्या पाठीला कळत होता. ती पाठ इतकी स्थिर होती की मी श्वास रोखून धरला.

गल्लीच्या टोकाच्या अलीकडे पाठीवर थाप पडली.

"उजव्या बाजूचं बेअरिंग," बाबा म्हणाले. "डावं चांगलं आहे. उजव्यात पाणी गेलंय, आणि गोळ्यांपैकी एक फुटायला आलीय. आणखी आठवडाभर चालवली असतीस तर रस्त्यात चाक अडकलं असतं."

नवरा तोंड धुऊन धावत आला होता. "बाबा, हे काय चाललंय?"

"काम चाललंय. ये, चाक धरायला माणूस हवाय मला."

गाडीची हमी कधीच संपली होती, त्यामुळे विचारायचं कुणाला नव्हतं. अशा चाकाच्या पोटातली मोटर बाबांनी आयुष्यात कधी उघडली नव्हती. स्क्रू काढले, झाकण ओढून काढायचा पुलर लावला, आणि तरी झाकण निघेना. आतले चुंबक त्याला परत ओढून घेत होते. बाप-लेक दोघं दोन्हीकडून ताणत होते, बाबा घामाघूम झाले होते, पण तोंडभर हसू होतं. "अगं, काय ओढते ही!" शेवटी एकदाचं निघालं. आत तांब्याच्या तारांचे गुंडे होते, गोल ओळीत, एकाला एक चिकटून, एकही तार इकडची तिकडे नाही. बाबांनी हात पुसले आणि मगच एका गुंड्याला बोट लावलं.

"बघ," नवऱ्याला म्हणाले. "कुणीतरी बसून गुंडाळलंय हे."

उजव्या बाजूनं तांबूस गढूळ पाणी ओघळून जमिनीवर आलं. बेअरिंग काढलं, तर फिरवल्यावर खरखरलं, आणि आतली एक गोळी खरोखरच तडकलेली होती. नवऱ्यानं ते हातात घेतलं. बराच वेळ त्या गोळीकडे बघत राहिला.

बाबा त्या पाण्याकडे बघत होते.

"पट्टा बुडवला होता मी," मी म्हटलं. ह्या वेळी समोर बसून. "वीतभर."

"माहीत आहे. गाडीवरची चिखलाची रेघ पुसली मीच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायला लागलो असतो तर तूही बोलली असतीस. माझ्याकडेही एक लपवलेली गोष्ट होतीच की." त्यांनी बेअरिंगवरची घाण खरवडून त्यावरचा नंबर वाचला आणि एकदम मोठ्यानं हसले. "सहा दोन शून्य तीन! अरे, हेच मी जन्मभर बसवत आलोय. पेट्रोलच्या गाडीला हेच. बाहेरून एवढी नवी, आणि आत आपल्या ओळखीचं निघालं."

त्यांच्या पत्र्याच्या डब्यात तसं एक कोरं, कागदात गुंडाळलेलं, पडलेलंच होतं.

चारपर्यंत चाक परत बसलं. नवरा हात धूत होता. सकाळपासून त्याच्या ओठावर असलेलं वाक्य त्यानं काही काढलं नाही. बाबांनीच काढलं.

"रस्त्यात मी आता कडेनं चालीन. कानात यंत्र बसवायचं म्हणालास तर बसवीन. पण शटर वर राहील. आणि पूर्ण वर."

नवरा होकारार्थी मान हलवत राहिला.

मी गाडी बाहेर काढली. एक चक्कर मारली. खरखर गेली होती, आणि तिच्या जागी ती जुनी बारीक गुणगुण परत आली होती. बाबा दारात उभे होते.

"गेली?"

"गेली, बाबा."

"शिवणबाईंना आता कसं कळायचं तू आलीस ते?"

"हॉर्न वाजवीन."

ते जवळ आले. सीटवर हात ठेवला, पहिल्या दिवशी ठेवला होता तसाच.

"एक खरं सांग. मी म्हटलं होतं, हिला आवाजच नाही. तेव्हा होता?"

मला वाटलं, नाही म्हणावं. पण आमच्या घरात त्या दिवशी तेवढं खोटं पुरे झालं होतं.

"होता."

"कसा?"

मी सांगायला गेले आणि मला जमेना. बारीक आहे म्हटलं, गोड आहे म्हटलं. बाबा आत गेले आणि पेचकस घेऊन आले. माझ्या पिशवीतून गॉज काढून त्यांनी त्याची मूठ पुसली आणि पुन्हा माझ्या पाठीला पाठ लावून बसले.

मी गाडी हळू सोडली. गल्लीच्या टोकाला पोचले, थांबले, वळून बघितलं. पेचकस दातात, डोळे मिटलेले, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलेलं. "येतो का, बाबा?" मी विचारलं, आणि लगेच लक्षात आलं की त्यांना माझे ओठ दिसत नाहीत.

मी थांबले आहे एवढं मात्र त्यांना कळलं. त्यांनी दांड्यावरचा हात सोडून हवेत हलवला. चालव, चालव.

मी पुढचं वळण घेतलं, लांबचं. तेवढ्यात पाऊस आला. सीटवर, दिव्यावर, चार्जिंगच्या झाकणावर, सगळीकडे पडू लागला. सबंध मोसमात पहिल्यांदाच बाबांनी मला गाडी आडोशाला घ्यायला सांगितलं नाही.